‘हाड परत वाढलं’ : नाकाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षांनी

२०२४च्या जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, कोपरखैरणेच्या माझ्या ओपीडीत एक जोडपं आलं. दोघंही निथळत होते, पण हातातली फाइल त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कोरडी ठेवली होती. गृहस्थ एपीएमसीच्या, म्हणजे घाऊक बाजार समितीच्या, मसाला मार्केटमध्ये तोलणार, माल काट्यावर तोलून देणारे. मूळ गाव पाटण तालुक्यात, राहायला घणसोलीला. वय ४७. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही काढलेलं हाड परत वाढलं. या टायमाला डाव्या बाजूला.”

ती शस्त्रक्रिया मीच केली होती, २०१५ साली. नंतरच्या दोन तपासण्यांच्या नोंदी फाइलमध्ये होत्या आणि शेवटच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘पडदा मध्यभागी. रुग्ण समाधानी.’ ही नोंद शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांची. त्यापुढे नऊ वर्षं कोरी.

ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून आणि दोघांच्याही संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. त्यात दुर्मीळ असं काही नाही, म्हणूनच ते लिहावंसं वाटलं. ‘नाकाचं ऑपरेशन करून काही उपयोग नाही, हाड परत वाढतं’ हे वाक्य ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक घरात कुणीतरी ऐकलेलं असतं. ते बोलणारी माणसं खोटं बोलत नसतात. नाक खरंच पुन्हा बंद झालेलं असतं. फक्त हाड वाढलेलं नसतं.

२०१५ : काय होतं आणि काय केलं

तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. तक्रार स्पष्ट होती : उजवी नाकपुडी कायमची बंद. लहानपणी गावी बैलगाडीवरून तोंडावर पडल्याची आठवण होती. नाकाचा पडदा पुढच्या भागात कूर्चेचा (कार्टिलेजचा) आणि मागे हाडाचा असतो. त्यांचा पडदा उजवीकडे वाकलेला होता आणि खाली, कूर्चा हाडाला मिळते तिथे, एक टोकदार कंगोरा बाहेर आलेला होता. लोक ‘हाड वाढलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. वाढलेलं काही नसतं. सरळ असायला हवा तो पडदा कुठेतरी दुमडलेला असतो.

थोडाफार वाकडा पडदा तर असंख्य लोकांचा असतो आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नुसता वाकडा दिसला की कापायचा, असं करून चालत नाही. यांच्या बाबतीत वाकडेपणा आणि तक्रार एकाच बाजूला होती आणि औषधी फवारे दोन महिने मारूनही फरक पडला नव्हता. शस्त्रक्रियेचा निर्णय आजही मला योग्यच वाटतो.

पूर्ण भूल देऊन आतून छेद घेतला, दोन्ही बाजूंचं आवरण सोडवलं, कंगोरा काढला, वाकडा भाग सुटा करून मध्यावर आणला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पडद्याचा बराच भाग काढून टाकला जाई, त्यामुळे काही रुग्णांच्या नाकाचा दांडा पुढे खचायचा. पुढे मॉरिस कॉटल यांच्यासारख्या शल्यविशारदांनी कमीत कमी काढायचं, जास्तीत जास्त जागेवर बसवायचं असा आग्रह धरला. वरची आणि पुढची किमान एक सेंटिमीटर कूर्चा इंग्रजी एल अक्षरासारखी शाबूत ठेवायची, हा नियम आम्ही आजही पाळतो. यांचीही ती पट्टी शाबूत ठेवली होती. पाचव्या दिवशी आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या काढल्या. त्यांनी उजवीकडून लांब श्वास घेतला आणि डोळे भरून आले होते, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

एक गोष्ट मी केली नव्हती. पडदा वर्षानुवर्षं एका बाजूला वाकलेला असला की दुसऱ्या बाजूची मोकळी जागा तिथलं टर्बिनेट भरून काढतं. टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरची मांसल, रक्तवाहिन्यांनी भरलेली गादी. आत येणारी हवा ओली आणि उबदार करणं हे तिचं काम. त्यांचं डावं टर्बिनेट चांगलंच फुगलेलं होतं. मी ते तसंच सोडलं. पडदा सरळ झाला की ते आपोआप आवरेल, असा हिशेब केला. काहींचं आवरतं, काहींचं नाही. यांचं नाही आवरलं, आणि ते बघायला मी तिथे नव्हतो.

नऊ वर्षांनी

फाइलमध्ये नुकत्याच काढलेल्या सीटी स्कॅनचा अहवाल होता. ‘पडद्यात सौम्य बाक’ असं त्यात लिहिलेलं. घरात कुणीतरी हे वाक्य वाचलं आणि हाड परत वाढल्याचा पुरावा मिळाला. सौम्य बाक हा शेरा इतक्या लोकांच्या स्कॅनवर असतो की त्यावरून काही ठरवणं अवघड. मी जुना स्कॅन शेजारी लावला आणि दोघांनाही खुर्ची पुढे ओढायला सांगितली. २०१५च्या चित्रात उजवीकडचा कंगोरा समोरच्या भिंतीला टेकलेला होता. नव्या चित्रात तो नव्हताच. त्यांच्या पत्नीने, ताईंनी, बोट ठेवून विचारलं, “मग हे डाव्या बाजूचं पांढरं काय आहे?” ते टर्बिनेट होतं.

इथे जे घडलं ते समजायला सोपं आहे. पडदा मध्यावर आणला म्हणजे उजवीकडे जागा झाली, तेवढीच डावीकडची कमी झाली. डावीकडे फुगलेलं टर्बिनेट आधीपासून बसलेलं. आता त्याला पसरायला जागा उरली नाही आणि नाक ‘दुसऱ्या बाजूने’ बंद झालं. नाकात जागा किती थोडी असते ते लक्षात घ्या. सरळ नळीतून संथ वाहणाऱ्या हवेसाठी, त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट होतो. नाक काही सरळ नळी नाही, पण एखाद्या मिलिमीटरची सूज माणसाला का जाणवते ते यावरून कळतं.

मी स्टीलची जीभ दाबायची पट्टी थंड पाण्यात बुडवून पुसली आणि त्यांच्या नाकाखाली आडवी धरली. “तोंड मिटा, साधा श्वास सोडा.” पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. उजवा जुन्या रुपयाएवढा, डावा शर्टाच्या बटणाएवढा. त्यांनी स्वतः पट्टी हातात घेऊन पाहिली, तेवढ्यात डावा डाग उडूनही गेला. मग त्यांनी हळूच खिशातून एक छोटी बाटली काढली. झायलोमेटाझोलिनचे थेंब. फेब्रुवारीपासून रोज, रात्री दोनदा आणि पहाटे एकदा.

हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि दोन मिनिटांत नाक उघडतं. सर्दीत तीन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. त्यापुढे गेलं की असर उतरल्यावर सूज पहिल्यापेक्षा जास्त येते, मग पुन्हा थेंब, आणि हे चक्र थांबत नाही. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, स्वस्त आहेत, लगेच गुण दाखवतात. पाच-सहा महिने रोज वापरणारे किती रुग्ण मी पाहिले असतील त्याची गणती नाही. शस्त्रक्रिया फसली असं समजून आलेल्या माणसाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो : खिशात बाटली आहे का?

फेब्रुवारीच का, हेही त्यांच्या कामातच दडलेलं होतं. नव्या मिरचीची आवक साधारण तेव्हा सुरू होते. बेडगी, गुंटूर, लवंगी, पोत्यांवर पोती येतात आणि मे महिन्यापर्यंत घराघरांत मसाले करायची घाई असल्याने बाजार तुडुंब असतो. पोतं काट्यावर आपटलं की तांबूस धूळ उडते. तोलणार काट्यापाशीच उभा असतो, त्यामुळे ती थेट त्याच्या तोंडावर येते. हे गृहस्थ तोंडाला उपरणं बांधायचे. उपरण्याने घाम टिपला जातो, मिरचीची धूळ अडत नाही.

मिरचीतलं कॅप्सायसिन नाकातल्या ज्या संवेदी चेतातंतूंना झोंबतं, त्यांच्यावरच्या ग्राहीचं (संवेदना टिपणाऱ्या रेणूचं) नाव टीआरपीव्ही१. ठसका, शिंका, नाक वाहणं, सूज हे सगळं तिथून. याची भावकी म्हणावी असा दुसरा ग्राही टीआरपीएम८, जो गारवा ओळखतो. नाकातून हवा गेल्याचं आपल्याला कळतं ते मुख्यतः या गारव्यामुळे. म्हणून पेपरमिंटची गोळी चघळली किंवा बाम हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात हवेला होणारा रोध तेवढाच राहतो. मिरची आणि पुदिन्याच्या अर्कावरून या ग्राहींचा माग काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. आमच्यासाठी त्यातलं मोलाचं एवढंच की नाक ‘मोकळं वाटणं’ आणि नाक ‘मोकळं असणं’ यांचं गणित वेगळं आहे. नाकात घालायच्या दुर्बिणीतून सगळं छान दिसत असताना रुग्ण नाराज असेल तर तो चुकतोय, असं म्हणायला आम्हाला जागा नाही.

समाधान कशाचं?

ताई इतका वेळ शांत होत्या. मी पट्टी खाली ठेवली तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही म्हटला होतात श्वास मोकळा होईल. मला वाटलं घोरणं थांबंल. एक रात्र थांबलं नाही.” आणि त्यांनी मोबाइलवर आवाज लावला. दीड मिनिटाची रेकॉर्डिंग. आधी आरीसारखा आवाज, मग एकदम शांतता. मी घड्याळाकडे पाहत होतो. बावीस सेकंद काहीच नाही. मग गुदमरून जाग आल्यासारखा जोराचा श्वास.

हे मी २०१५ साली विचारलंच नव्हतं. रुग्णाने उजवी नाकपुडी बंद असल्याचं सांगितलं, मी उजवी नाकपुडी उघडली. पण त्या घराला शस्त्रक्रियेकडून हवी होती शांत झोप आणि सकाळचं हलकं डोकं. पडदा सरळ केल्याने झोपेतला श्वासरोध सहसा बरा होत नाही, कारण अडथळा बहुतेक वेळा खाली, घशात असतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते बोललो नाही, कारण कुणी विचारलं नाही. ‘श्वास मोकळा होईल’ या तीन शब्दांत मी एक अर्थ घातला आणि त्यांनी दुसरा ऐकला.

माझी दुसरी चूक अशी की शस्त्रक्रियेआधीचा एकही आकडा माझ्याकडे नव्हता. २००४ पासून नोज नावाची एक साधी प्रश्नावली आहे. नाक चोंदणं, बंद होणं, नाकाने श्वास घेणं जड जाणं, झोपेला त्रास, आणि कष्टाच्या कामात नाकाने पुरेशी हवा न मिळणं, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, बेरजेला पाचाने गुणायचं, म्हणजे शंभरापैकी आकडा येतो; आकडा मोठा तितका त्रास जास्त. भरायला दोन मिनिटं पुरतात. २०१५ साली ती भरून घेतली असती तर ‘काही उपयोग झाला नाही’ आणि ‘उपयोग झाला, पण वेगळाच त्रास उरला’ यांतला फरक कागदावर दिसला असता.

त्या दिवशी भरून घेतली. चोंदणं ३, बंद होणं २, श्वास घेणं २, झोप ३, कष्टाच्या वेळी १. बेरीज ११, आकडा ५५. शेवटच्या प्रश्नाला ते मिनिटभर थांबले आणि म्हणाले, “पूर्वी पोतं सरकवताना तोंड उघडं ठेवावं लागायचं. आता नाही लागत.” म्हणजे ज्यासाठी शस्त्रक्रिया केली ते काम नऊ वर्षं टिकलं होतं. ते त्यांनाही त्या क्षणापर्यंत जाणवलं नव्हतं. दुखणं गेलं की माणूस ते विसरतो, उरलेलं तेवढं लक्षात राहतं.

वैद्यकीय पुराव्यांतही हीच गुंतागुंत दिसते. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या २०३ प्रौढांची चाचणी प्रसिद्ध झाली, तर २०२३ साली ‘बीएमजे’मध्ये ब्रिटनमधल्या ३७८ जणांची. दोन्हींत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते आणि दोन्हींत शस्त्रक्रियेचा गट औषधोपचाराच्या किंवा बिनशस्त्रक्रियेच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे राहिला. ‘या ऑपरेशनचा उपयोगच नाही’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. पण ब्रिटनमधलं मुख्य मोजमाप सहा महिन्यांवर थांबतं, डच चाचणीतलं दोन वर्षांपर्यंत जातं. त्याच्या पलीकडे पाहायचं तर १९८९च्या एका स्वीडिश अभ्यासाकडे वळावं लागतं. तेच रुग्ण नऊ महिन्यांनी तपासले तेव्हा ५१ टक्के जणांचं नाक पूर्ण मोकळं होतं, नऊ वर्षांनी २६ टक्के जणांचं. अभ्यास लहान आणि जुना आहे, त्यावर इमारत बांधू नये. तरीही माझ्या फाइलमधली ‘तीन महिने, रुग्ण समाधानी’ ही नोंद किती अपुरी होती ते तो आकडा वाचून मला टोचतं.

पुढचे महिने

पहिलं काम थेंब सोडवणं. एकदम दोन्ही बाजूंनी बंद केले तर रात्री झोप लागत नाही आणि माणूस तिसऱ्या दिवशी बाटलीकडे परत जातो. म्हणून आधी उजवीकडे बंद, आठवड्याने डावीकडे. सोबत फ्लुटिकासोनचा फवारा. हा स्टिरॉइडचा असला तरी रक्तात फारच थोडा जातो, आणि त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी सोडून देतो. त्यांनी माझ्यासमोर मारून दाखवला तेव्हा नळी सरळ पडद्याकडे रोखलेली होती. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने, असं तीनदा करून घेतलं. पडद्यावर रोज फवारा बसला तर तिथे खपली धरते आणि रक्त येतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, बाजारातून आल्यावर लगेच. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं थेट पाणी नाकात घालू नये, त्यातला अमीबा क्वचित पण जिवावर बेततो. उपरण्याच्या जागी एन९५ मास्क. याला त्यांनी मनापासून विरोध केला, घामाने भिजतो म्हणून. शेवटी नवी मिरची उतरवताना तेवढा घालायचा, असं ठरलं.

त्वचेवरच्या अ‍ॅलर्जी चाचणीत घरातल्या धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, निघाले. तळमजल्याचं घर, पावसात भिंतीला ओल, कापसाची जुनी गादी. मिरचीचा झोंब ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण माइटची अ‍ॅलर्जी आणि मिरचीची धूळ दोन्ही एकाच टर्बिनेटवर येऊन बसत होत्या. उशा बदलल्या, गादीला बंद होणारं कव्हर घातलं, चादरी गरम पाण्यात.

टर्बिनेट आक्रसवण्याची छोटी शस्त्रक्रिया हा पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवला होता. ते पूर्ण कापून टाकणं मात्र चुकीचं. नाक आतून रुंद होतं, तरी हवा लागत नाही म्हणून माणूस कासावीस होतो. त्यांनी “आधी औषध बघू” म्हटलं. मला तेच हवं होतं.

थेंब सुटून महिना झाल्यावर दुर्बिणीने पाहिलं. पडदा सरळ. टर्बिनेटवरची सूज निम्म्याने उतरलेली. ऑक्टोबरात नोजचा आकडा २५. साधारण ३० गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला खरोखर जाणवतो असं मानतात, तेवढा पडला होता. झोपेचे गुण मात्र ३ वरून २ वरच अडले.

म्हणून झोपेची चाचणी. तासाला सरासरी १८ वेळा श्वास अडखळत होता. १५ ते ३० म्हणजे मध्यम श्वासरोध. रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र सुचवलं. इथे पडद्याची जुनी शस्त्रक्रिया उपयोगी पडली. नाक बंद असलेल्या माणसाला हे यंत्र सोसत नाही, यांना पहिल्याच आठवड्यात चार तास सोसलं. यंत्राचा खर्च मोठा होता. भावाने निम्मे दिले. ताईंनी मला सांगितलं की पहिल्या रात्री त्या जाग्याच राहिल्या, घरात इतकी शांतता का म्हणून.

माझ्या ओपीडीत तेव्हापासून एवढं बदललं आहे : पडद्याची शस्त्रक्रिया ठरली की नोजचा कागद आधी, आणि घरच्या माणसासमोर एक प्रश्न, ‘ऑपरेशननंतर काय बदललेलं तुम्हाला हवंय?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. कुणी म्हणतं घोरणं, कुणी डोकेदुखी, एका मुलीने वास म्हटलं. ज्यातलं शस्त्रक्रियेने होणार नाही त्याच्यापुढे तेही लिहितो आणि सही घेतो. एक वर्ष आणि पाच वर्षांनी फोन करायची यादी ओपीडीतल्या मावशींनी वहीत ठेवली आहे. पाच वर्षांचे फोन अजून यायचे आहेत.

मार्च २०२५ मध्ये, ऐन मिरचीत, मी त्यांना मुद्दाम बोलावलं. आकडा ३५ झाला होता. पट्टीवरचे दोन्ही डाग जवळपास सारखे उमटले, डावा किंचित लहान. थेंबांची बाटली नव्हती. यंत्राच्या कार्डावर आठवड्याला चार रात्रींचा वापर दिसत होता. मास्क गळ्यात होता, त्यावर तांबूस धूळ बसलेली. समाधानी आहात का, असं विचारलं, तर म्हणाले, “ऑपरेशनचं विचाराल तर हो. मशीनचं अजून सांगता येत नाही, सवय व्हायचीये.” दोन्ही वाक्यं मी तशीच फाइलमध्ये लिहिली आणि खाली पुढची तारीख टाकली, २०२६चा मार्च.